जोखमीचा कागद

बाबासो मगदूम हे भिण्याच्या बाबतीत अतिशय नियमित गृहस्थ होते. बाकीची माणसं प्रसंग आला की घाबरतात. मगदूम प्रसंगाची वाट बघत बसत नसत. गॅस बंद केल्यावर तो बंद आहे का हे ते स्वतः बघत, मग बायकोला बघायला सांगत, आणि तिने नीट बघितलं असेल का या शंकेने पुन्हा स्वतः उठत. स्कूटरवरून वळायचं असलं, तर मागून येणाऱ्याला राग येईल म्हणून ते पुढच्या चौकापर्यंत सरळ जात. कोल्हापुरातल्या ज्या ग्रंथालयात ते ग्रंथपाल होते, तिथे एखाद्याने फाटकं पुस्तक परत आणलं की तो सभासद ताठ मानेने उभा राही आणि मगदूम खाली बघत.

अशा माणसाच्या घरी २००४ सालच्या पावसाळ्यात बंगळूरहून लष्कराचं पाकीट आलं.

मुलगा सम्मेद नुकताच बारावी झाला होता. एनडीएची लेखी परीक्षा तो पास झाला होता आणि आता पाच दिवसांच्या निवड चाचण्यांना त्याला बोलावलं होतं. पाकिटात एक वेगळा इंग्रजी कागद होता, तो उमेदवाराच्या वडिलांसाठी. मगदूमांनी तो उभ्याने वाचायला घेतला आणि बसून संपवला. त्याचा मथितार्थ असा होता, की माझा मुलगा या चाचण्यांना माझ्या संमतीने येत आहे. उड्या मारताना, दोरावर चढताना किंवा आणखी कशानेही त्याला इजा झाली, तो अपंग झाला किंवा दगावला, तरी मी सरकारकडे काहीही मागणार नाही. खाली सहीसाठी रेघ होती. हा कागद सही करून आणला नाही, तर उमेदवाराला फाटकातूनच परत पाठवण्यात येईल, असंही लिहिलं होतं.

मगदूमांचं इंग्रजी चांगलं होतं. त्या दिवशी प्रथमच त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला.

खरं तर हे सगळं त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. हिवाळ्यात सम्मेदने "आण्णा, एनडीएचा फॉर्म भरू का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब केला. परीक्षेला लाखो मुलं बसतात आणि घेतात मूठभर. म्हणजे लष्करात न जाण्याचा याच्याइतका खात्रीचा मार्ग नाही. शिवाय 'नको' म्हणावं तर मुलगा 'का' म्हणणार, आणि 'का' ला उत्तर देण्याची त्यांना भीती. ते म्हणाले, "भर की." मग नापास व्हायचंच आहे तर निदान बारावीचा अभ्यास तरी व्हावा म्हणून संध्याकाळी त्याला त्रिकोणमिती आणि इंग्रजी शिकवू लागले. दुर्दैवाने शिकवताना मगदूमांना भीती वाटत नसे. त्यामुळे ते उत्तम शिकवत.

आणखी एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पाच वर्षांपूर्वी, कारगिलच्या दिवसांत, शिरोळकडच्या एका गावात ते ग्रंथालयाच्या कामाला गेले होते आणि नेमक्या त्याच दिवशी तिथल्या एका जवानाचा देह गावी आला. गर्दीत मगदूमही उभे राहिले. त्या मुलाचा बाप दारात उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "चहा घेतला का? चहा घेतल्याबिगार जाऊ नका." मगदूमांनी चहा घेतला होता. तो कप अजून त्यांच्या हातात असल्यासारखा होता.

त्यांनी जोखमीचा कागद दुमडून जाडजूड शब्दकोशात घातला. कुणी विचारलं तर 'कुठल्या पानात आहे ते सांगता येत नाही' हे खोटं ठरू नये, म्हणून घालताना डोळे मिटले.

कुणाला काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण पाकीट पोस्टमनने आणलं होतं आणि पोस्टमन मृत्युंजय मठपतीच्या दुकानावरून आला होता. मृत्युंजयचं कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान. तो तालमीच्या मंडळाचा अध्यक्ष होता आणि त्याचा आवाज लोखंडी मालाच्या खरेदी-विक्रीत घडलेला होता.

"काय मगदूम सायेब!" तो दारातूनच म्हणाला. "पोरगं ऑफिसर झालं आणि तुम्ही गप्प? पेठंला पेढा न्हाई, काय न्हाई!"

"अहो, झालेला नाही. नुसतं बोलावणं आलंय."

"बोलावणं उगंच येतंय व्हय? मला आलं का? बायडाबाई, तुला आलं का?"

बायडाबाई घागर घेऊन दूध घालायला आली होती. ती म्हणाली, "मला कशाला यील? पर मगदूम सायेब, पोरगं लष्करात धाडतायसा आणि दूध तेवढंच घेतासा? उद्यापास्नं वाढवून घालते. आणि तापवायचं न्हाई. म्हशीखालनं काढल्यालं उभ्या उभ्या प्यायचं."

"त्याला बाधेल."

"आमच्या म्हशीचं दूध बाधत न्हाई," बायडाबाई म्हणाली. विषय तिथे संपला.

मगदूमांचा विषय मात्र सुरूच झाला होता. उघड विरोध त्यांना जमणार नव्हता. पण निसर्गानेच काही दोष ठेवला असेल तर तो शोधून काढायला काय हरकत होती? सपाट पावलाच्या माणसाला लष्करात घेत नाहीत, असं त्यांनी विश्वकोशात वाचलं होतं. त्यांनी मोरीबाहेर पाणी सांडलं आणि सम्मेदला कोरड्या फरशीवरून चालायला लावलं. पावलं उमटली ती शिल्पात कोरावी अशी, मधला बाक स्पष्ट. मागून स्वतः मगदूम चालत आले, त्यांची पावलं इस्त्रीच्या बुडासारखी सपाट. मगदूमांच्या पत्नी पद्मावतीबाई पदर खोचून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बापलेक पाण्यात खेळताय होय? ती फरशी मी आत्ता पुसलीय."

मग डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सम्मेदला शेवटची बारीक ओळ वाचायला लावली. त्याने ती वाचून खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. "मुलाची नजर उत्तम," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बसा. तुमचा नंबर वाढलेला दिसतोय." नव्या चष्म्यातून जोखमीचा कागद अधिक ठळक दिसू लागला, एवढाच त्या खेपेचा लाभ.

घर जैनांचं, त्यामुळे पद्मावतीबाईंची काळजी वेगळी होती. "दिवस मावळायच्या आत जेवायला देतात का तिथं? आणि भाजीत बटाटा, कांदा? पत्र टाकून विचारा की."

मगदूमांच्या मनात दिवा लागला. कंदमूळ न खाणारा आणि सूर्यास्तानंतर न जेवणारा अधिकारी लष्कराला परवडणार नाही, हे उघड होतं. त्यांनी अत्यंत सविस्तर पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदात ते पाणी गाळून देण्याविषयी विचारणा करत असताना सम्मेद मागून म्हणाला, "आण्णा, मी बूथवरनं फोन केला की. शाकाहारी वेगळं असतंय म्हणाले. आणि संध्याकाळचं मी फळांवर काढतो. पाच दिवसांचं काय?"

लष्कर इतकं समजूतदार असेल, असं मगदूमांना वाटलं नव्हतं.

इकडे मृत्युंजयने प्रशिक्षक नेमला होता. गडमुडशिंगीहून भरमाप्पा नावाचे निवृत्त हवालदार रोज पहाटे सायकलवरून येऊ लागले. त्यांची सगळी नोकरी लष्कराच्या कोठारात ब्लँकेटं देण्यात आणि परत घेण्यात गेली होती. पण बाकीच्या पेठेने लष्कर प्रजासत्ताक दिनाला टीव्हीवरच पाहिलेलं असल्यामुळे भरमाप्पांचा शब्द अंतिम होता. तालमीच्या मागे त्यांनी चिंचेला दोर बांधला, एक ओंडका आडवा टाकला, आणि पडक्या गोदामाची उंच भिंत 'ही आपली बॉर्डर' म्हणून जाहीर केली.

"ऑफिसर म्हंजे काय?" भरमाप्पा सम्मेदला विचारत आणि स्वतःच सांगत. "जो दुसऱ्याला उडी मार म्हणतो तो. पर त्या आधी एकदा सोता मारायला लागती. तेवढी मारून टाक, मग जलमभर आराम."

मगदूम रोज सकाळी वर्तमानपत्र, छत्री आणि पिशवीत आयोडिन घेऊन तिथे जाऊन बसत. पेपर वाचत असल्याचं दाखवत. एकाच पानावर ते इतका वेळ थांबत, की तालमीतल्या पैलवानांना त्यांच्या वाचनाबद्दल फार आदर वाटू लागला.

सम्मेद दोरावर चढला, ओंडक्यावरून चालला. पण भिंतीवरून उडी मारायची वेळ आली की तो काठावर उभा राहून खाली बघत राही आणि मग पाठमोरा होऊन हळूच उतरून येई. असं तीन-चार सकाळी झालं. मगदूमांना पहिल्यांदाच जरा बरी झोप लागू लागली. आणि एका सकाळी सम्मेद वर उभा असताना, पेपरात तोंड असलेल्या मगदूमांच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "राहू दे, राहू दे! नाही जमत तर उतर!"

भरमाप्पा वळले. "मगदूम सायेब, तुम्ही असं ऱ्हाऊ दे म्हणाय लागल्यावर पोरगं उडी कसं मारंल? या हिकडं. तुम्ही चढा वर. बाप शेजारी उभा ऱ्हायला की पोराची भीती जाती."

"मी? नाही, माझं... माझं ग्रंथालय उघडायचंय."

"पुस्तकं कुठं पळून जात न्हाईत. ए पोरांनो, सायबांना हात द्या."

मगदूमांना उंचीची भीती होती. पण चारचौघांत 'नाही' म्हणायची त्याहून जास्त होती. दोन पैलवानांनी त्यांना सिमेंटच्या पोत्यासारखं उचललं. काही कळायच्या आत ते भिंतीवर होते, दोन्ही बाजूंना पाय टाकून, घोड्यावर बसवलेल्या नवरदेवासारखे. तिथून त्यांना त्यांच्या घराची गच्ची दिसली. गच्चीवर पद्मावतीबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं, डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं आणि जिन्याकडे धावल्या. मगदूमांनी डोळे मिटले.

खाली पेठ जमायला वेळ लागला नाही.

"खाली बघू नका, मगदूम सायेब!"

"खाली बघू नका काय? न बघता पाय कुठं टाकायचा त्यांनी? बघा खाली!"

"चप्पल काढा आधी!" हा बायडाबाईचा आवाज. मगदूमांनी आज्ञाधारकपणे एक चप्पल काढली. ती भरमाप्पांच्या टोपीवर पडली. भरमाप्पा म्हणाले, "दुसरी ऱ्हाऊ दे पायात."

"शिडी आण रे दुकानातनं," कुणी ओरडलं. पण दुकानाची किल्ली मृत्युंजयकडे आणि मृत्युंजय अंघोळीला गेलेला. कुणी अग्निशामक दलाला बोलवा म्हणाला. त्यावर दुसऱ्याने, मागे मांजर अडकलं होतं तेव्हा ते किती उशिरा आले होते, ही हकीकत सुरू केली. ती लांबत गेली. मगदूमांना वाटलं, आपलं उरलेलं आयुष्य बहुधा इथेच जाणार. पद्मावती डबा वर फेकेल. ग्रंथालयाची रजा कशी कळवावी?

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "आण्णा, डोळं उघडा. माझ्याकडं बघा." सम्मेद भिंतीवर त्यांच्या जवळ बसला होता. "हलू नका. मी मृत्युंजयकाकांना घेऊन येतो."

आणि त्याने उडी मारली. धप्पकन खाली पडला, गुडघे झटकत उठला आणि धावत सुटला. आपण काय केलं हे कोपऱ्यावर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तिथे तो क्षणभर थांबला आणि त्याने मागे वळून भिंतीकडे बघितलं.

शिडी आली. मृत्युंजय ओल्या केसांनी, नुसत्या टॉवेलवर आला. मगदूम उतरले, ते लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं म्हणून. "बाप असावा तर असा!" मृत्युंजय चहूकडे बघत गरजला. "पोराची भीती घालवायला ह्या वयात भित्तीवर चढला माणूस!"

मगदूम एका चपलेने घरी आले. लंगडण्यापेक्षाही या कौतुकाने त्यांना अधिक लागलं होतं. त्यांच्याच उपस्थितीत, त्यांच्याच मदतीने पोरगं उडी मारायला शिकलं होतं.

आता फक्त कायदा उरला होता. "हा कागद साधा नाही," मगदूम मृत्युंजयला म्हणाले. "कायदेशीर आहे. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करणं धोक्याचं."

"मग चला की," मृत्युंजय म्हणाला आणि त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून कचेरीत घेऊन गेला.

त्या सकाळी सरकारी कामकाजाने मगदूमांना आयुष्यात प्रथमच आनंद दिला. पहिल्या टेबलावरचा म्हणाला, स्टँप पेपर लागेल. स्टँपवाला चहाला गेला होता. दुसऱ्या टेबलावरचा म्हणाला, आधी रहिवासाचा दाखला आणा. रहिवासाच्या दाखल्याला आजोबांचा शाळेचा दाखला लागेल, तो शिरोळला. आणि शिरोळच्या त्या शाळेचं जुनं दप्तर पुरात गेलंय. मगदूम प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. महिनाभर सहज जाईल. चाचण्यांची तारीख उलटेल. सरकारी खात्यांविषयी लोक उगीच वाईट बोलतात, असंही त्यांच्या मनात आलं.

पण मृत्युंजयचे सगळीकडे पावणे निघाले. स्टँपवाला त्याच्या मेहुण्याच्या लग्नात वाढायला होता. दुसऱ्या टेबलावरचा शिरोळचा, त्याच्या आत्याच्या गल्लीतला. "आरं, आपलंच काम हाय की!" एवढं एक वाक्य घेऊन मृत्युंजय टेबलाटेबलावरून फिरला आणि दुपारपर्यंत त्याच्या हातात दाखला, स्टँप पेपर आणि कुणीही न मागितलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्रसुद्धा होतं. मग ते एका वृद्ध वकिलांसमोर जाऊन बसले. वकिलांनी जोखमीचा कागद वाचला, मागची कोरी बाजूही वाचली.

"याला यातलं काहीच लागत नाही," ते म्हणाले. "बापाची सही लागते. बस्स."

"पण समजा... बापाने नाही केली तर?" मगदूमांनी विचारलं.

वकिलांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "त्याला कायदा काय करणार?"

घरी आल्यावर मगदूमांनी कागद परत शब्दकोशात ठेवला. पद्मावतीबाई लाटणं थांबवून म्हणाल्या, "करायची तर करा, न्हाईतर सरळ नको म्हणा. पोराला असं टांगून ठेवू नका."

"तुला भीती वाटत नाही?"

"मला काय वाटतं ते मी चपात्या लाटून काढते. तुम्ही ते पुस्तकात घालून ठेवता." आणि त्या पुन्हा लाटू लागल्या. जोराने.

त्याच आठवड्यात सत्कार ठरला. मगदूमांनी हात जोडून सांगितलं, की निवड झालेली नाही, सत्कार कशाचा? मृत्युंजयने त्यांना शांतपणे समजावलं.

"मला काय कळत न्हाई व्हय? पर आठवड्याभरात आचारसंहिता लागतीय. एकदा ती लागली की मांडव न्हाई, पुढारी न्हाई, काय न्हाई. आणि निवडणूक झाल्यावर कोण पुढारी आपल्या पेठंत येतोय? सत्कार करायचा तर आत्ता."

"आणि मुलगा नापास झाला तर?"

"तर काय? झालेला सत्कार परत घेता येत न्हाई."

या युक्तिवादाला आजही कुणाला उत्तर सुचेल असं वाटत नाही.

चौकात डिजिटल लागलं. गल्लीबोळांत संगणकावर छापलेले मोठाले फलक लावायची साथ तेव्हा कोल्हापुरात नुकतीच आली होती. फलकावर सम्मेदचं तोंड दुसऱ्याच कुणाच्या गणवेशावर बसवलं होतं. छातीवर इतकी पदकं, की एवढी लढाई एका माणसाने कधी केली असावी असा प्रश्न पडावा. खाली 'पेठेचा वाघ'. त्याच्याखाली मंडळाचे सतरा चेहरे आणि कोपऱ्यात मगदूमांचा, ग्रंथालयाच्या ओळखपत्रावरचा, पोलिसांना हवा असल्यासारखा.

सम्मेद कॉलेजला मागच्या बोळातून जाऊ लागला. मगदूमही ग्रंथालयाला मागच्या बोळातून जाऊ लागले. एका सकाळी दोघांची तिथे गाठ पडली. "इकडून जवळ पडतं," मगदूम म्हणाले. "होय की," सम्मेद म्हणाला. तो बोळ दुप्पट लांबचा होता.

सत्काराच्या दिवशी मगदूमांनी ठरवलं, की आज सांगायचं. घरात एका माणसासमोर जे बोलता आलं नाही, ते चारशे माणसांसमोर बोलायचं. एकदा माईकवरून बोलून झालं की मागे फिरता येणार नाही. सम्मेदला फेटा बांधला, पुढाऱ्यांनी हार घातला, मग मृत्युंजयने वीरपित्याला दोन शब्द बोलायला पाचारण केलं. 'वीरपिता' हा शब्द ऐकून मगदूमांना तो शिरोळकडचा दारातला बाप आठवला. ते माईकपाशी गेले. माईकने एकदा किंचाळून घेतलं.

"मंडळी," मगदूम म्हणाले. "खरं सांगायचं तर... मला भीती वाटते."

पुढच्या रांगेत बायडाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. मगदूमांनी पुढचं वाक्य शोधलं. ते घशापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात मृत्युंजयने माईक घेतला.

"ऐकलं का मंडळी? पोराची ताकद बघून खुद्द बापाला भीती वाटाय लागली! मग बॉर्डरच्या पलीकडल्यांची काय गत हुईल?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. पुढाऱ्यांना गारगोटीला पुढचा कार्यक्रम होता, ते उठले. मगदूम हात जोडून उभे राहिले. आयुष्यात एकदाच ते धीर करून खरं बोलले होते आणि त्यावर आता ढोल वाजत होता.

घरी जाताना दोघं आपोआप मागच्या बोळात वळले. सम्मेदने फेटा काढून हातात घेतला होता.

"आण्णा, ते तुम्ही खरं बोलत होता ना?"

"माईक खराब होता."

"मला ऐकू आलं."

समोरून सायकल आली, तिला दोघांनी भिंतीला चिकटून वाट दिली.

"मला पण वाटते," सम्मेद म्हणाला. "उडी मारताना मी डोळं मिटतो. भरमाप्पाकाकांना ठाऊक न्हाई. अनोळखी माणसांत तोंड उघडायची भीती. आणि नापास होऊन त्या डिजिटलखालनं घरी यायची तर लई."

"मग जायलाच पाहिजे का? बीएस्सी कर. ग्रंथालयात सगळी पुस्तकं आहेत."

"न्हाई गेलो तर कायम वाटत राहील."

"आणि निवड झाली तर?" हे विचारताना मगदूमांचा आवाज त्यांनाच नीट ऐकू आला नाही.

सम्मेदने फेट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "त्याची भीती तुम्हाला वाटते. मला ती अजून आली न्हाई. आली तर तेव्हा बघू." मग तो थांबला. "तुम्ही कागदावर सही केली न्हाई, मला ठाऊक हाय. मी शब्दकोश बघितलाय. तुम्ही नको म्हणा आण्णा, मी न्हाई जात. पेठंला काय सांगायचं ते मी सांगतो."

हे ऐकून मगदूमांना हायसं वाटायला हवं होतं. इतके दिवस ते याच वाक्याच्या शोधात होते. आता फक्त 'नको' म्हणायचं होतं आणि पोरगं घरी राहणार होतं, आयुष्यभर, त्यांच्याच शेजारी, याच बोळातून जा-ये करत. मगदूमांनी तोंड उघडलं.

"बघू," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी सगळी पेठ स्टेशनावर होती. गाडी म्हणाल तर मिरजेची पॅसेंजर. मिरजेला बदलून पुढे बंगळूर. पण निरोप असा, की बाकीचे प्रवासी कोण पुढारी चाललाय म्हणून खिडक्यांतून वाकून बघत होते. बायडाबाईने तुपाचा डबा आणला होता. पद्मावतीबाईंनी पाच दिवसांच्या दशम्या बांधून दिल्या होत्या, त्या एका पलटणीला पुरल्या असत्या. भरमाप्पा जुना गणवेश इस्त्री करून घालून आले होते; पोटापाशी एक बटण लागत नव्हतं, तिथे त्यांनी हात ठेवला होता. मृत्युंजय फलाटावर उभा राहून गार्डला थोडं थांबायला सांगत होता. गार्ड त्याचा पावणा निघाला नाही.

सम्मेद दारात उभा होता. त्याने कागदाबद्दल विचारलं नाही. आईच्या पाया पडला, वडिलांच्या पडला, सगळ्यांकडे बघून हसला. आपण बंगळूरच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणार आहोत असं समजून तो निघाला होता. मगदूमांना ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. नव्या चष्म्याचा दोष.

सिग्नल पडला.

"थांब," मगदूम म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून दुमडलेला कागद काढला. पेन काढलं. आता हा ठेवायचा कशावर? हातावर ठेवला तर वाऱ्याने उडत होता, गाडीच्या पत्र्यावर ठेवावा तर पत्रा पावसाने ओला. भरमाप्पांनी परिस्थिती ओळखली, पोटावरचा हात काढला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे राहिले. मगदूमांनी त्यांच्या पाठीवर कागद पसरला.

"भरमाप्पा, पाठ हलवू नका हो."

"पाठ हलत न्हाई, मगदूम सायेब," भरमाप्पा खालून म्हणाले. "तुमचा हात हलतोय."

मगदूमांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सही केली. कागद वर दिला. सम्मेदने तो बघितला. मग वडिलांकडे बघितलं. रेघेवर एक वेडीवाकडी ओळ होती, मुंगीला दौतीत बुडवून सोडल्यासारखी.

"आण्णा, ही तुमची सही वाटतच न्हाई. तिथं विचारतील मला."

मगदूमांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "गाडी हलत होती म्हणून."

गाडी अजून जागची हललेली नव्हती. सम्मेदने मान डोलावली आणि कागद जपून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.